डोळा कोणत्या झाडाचा?

शेंदूरजनाघाटात संत्र्याच्या कलमा तयार होतात. सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशाच्या सीमेला लागून असलेलं वरुड तालुक्यातलं हे गाव. इथल्या कलमा विदर्भात तर लागतातच, पार राजस्थानापर्यंतही जातात. ज्याने नर्सरीत एखादा हंगाम काढला आहे त्याला एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. चांगलं झाड कितीही जपलं तरी एक दिवस वाळणारच. म्हणून ते धडधाकट उभं असतानाच त्याचे डोळे काढायचे आणि जंबेरीच्या पेन्सिलीएवढ्या खुंटावर भरायचे. त्या कलमेचं झाड झालं की पुढे त्याचे काढायचे. वाण टिकतो तो असा, झाडाभोवती कुंपण घालून नव्हे. दुसरी गोष्टही त्याला ठाऊक असते. डोळा रोगट झाडाचा निघाला तर ट्रिस्टेझा किंवा ग्रीनिंग त्याच्यासोबतच नव्या खुंटावर येतं. विकत घेताना कलम तजेलदार दिसते आणि काही वर्षांनी बागाईतदार कपाळाला हात लावतो. कलम कशी दिसते यापेक्षा डोळा कोणत्या झाडाचा, हे आधी विचारायचं असतं.

घरातले फोटो आणि व्हिडिओ कसे जपावेत, यावरच्या या पुस्तिकेला प्रस्तावना लिहायला घेतली तेव्हा माझ्या मनात आलं की इथल्या वाचकाला हा विषय निम्मा तरी आधीच येतो. त्याने तो कपाटातल्या कॅसेटला आणि खिशातल्या मोबाईलला लावून पाहिलेला नाही, इतकंच. कॅसेट जपायची म्हणजे रेशमी कापडात गुंडाळून अलमारीच्या वरच्या खणात ठेवायची, ही आपली समजूत. ती कॅसेट तिथे तीस वर्षं सुखरूप असते आणि तीस वर्षांनी तिच्यातून काही निघत नाही.

आणि हे फक्त आपल्याच घरी घडतं असं समजू नये. भारतात चित्रफिती काढणाऱ्या अगदी पहिल्या भारतीयांपैकी एक माणूस मराठी होता. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा. त्यांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचं चित्रण केलं आणि १९०१ मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले तेव्हाच्या स्वागताचंही. आज त्यांतली एकही फीत पाहायला मिळत नाही. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा, चार रिळांचा. त्याची प्रत आगीत गेल्यावर फाळक्यांनी १९१७ मध्ये तो पुन्हा चित्रित केला. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आज दोनच रिळं आहेत, पहिलं आणि शेवटचं, आणि ती मूळची की १९१७ ची यावर जाणकार अजून वाद घालतात. फाळक्यांसारख्या माणसाच्या कामाची ही गत. आपल्या मामाच्या लग्नाची कॅसेट कोण विचारतो? म्हणजे आपल्यालाच विचारावं लागणार.

या पुस्तिकेतलं माझं आवडतं प्रकरण लग्नाच्या कॅसेटचं आहे, म्हणून त्यावर थोडं रेंगाळतो. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून वऱ्हाडातल्या लग्नांत ‘शूटिंगवाला’ दिसू लागला. खांद्यावर पॅनासोनिकचा भला मोठा कॅमेरा, एम-९००० किंवा त्याच्या जवळपासचा. मागे हॅलोजनचा दिवा धरलेला एक पोऱ्या, आणि त्याच्या मागे वायर सोडवत येणारा आणखी एक. तो दिवा तोंडावर पडला की जेवणाऱ्या पंगतीचा घास थांबायचा. म्हाताऱ्या पदर सावरायच्या. लहान पोरं कॅमेऱ्यासमोर दोन-दोनदा येऊन जायची. अक्षता, सप्तपदी, आहेर, मग निरोपाची रडारड, सगळं त्या टेपवर यायचं. आणि चित्रासोबत आवाजही यायचा, जो त्याआधीच्या कोणत्याही फोटोत नव्हता.

मग टेप ‘मिक्सिंग’ला जायची. अमरावतीला नाहीतर नागपूरला. परत यायची तेव्हा नवरा-नवरीचे चेहरे बदामात गिरक्या घेत असायचे आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत सिनेमाची गाणी वाजत असायची. गाण्यांखालचा मूळ आवाज पुसलेला. मंगलाष्टकांचा थोडा तुकडा वाचायचा तेवढाच. आजीने विहिणीला मारलेला टोमणा, आचाऱ्यावर ओरडणारे मोठे काका, “काहून बे, पाणी काहून नाही आलं पंगतीत?” हे सगळं ज्या कच्च्या कॅसेटवर होतं ती शूटिंगवाल्याकडेच राहायची, आणि पुढच्या आठवड्यात तो तीच दुसऱ्याच्या लग्नात लावायचा. टेप महाग होती, त्याचाही धंदा होता. त्याला दोष देऊन उपयोग नाही. चंद्रावर माणसाने पहिलं पाऊल ठेवलं, जुलै १९६९, त्या वेळी आलेल्या मूळ संकेतांच्या टेपाही नासाने बहुधा पुसून पुन्हा वापरल्या, असं त्यांच्याच शोध पथकाने २००९ मध्ये सांगितलं. जगाने चंद्रावरची जी दृश्यं पाहिली ती टीव्हीसाठी रूपांतरित केलेली, मूळच्या मानाने पुसट.

तर पुस्तिकेतली पहिली सूचना अशी आहे आणि मी तिच्याखाली लाल रेघ ओढली आहे: तुमच्या गावच्या जुन्या शूटिंगवाल्याकडे जाऊन विचारा, कच्च्या कॅसेट उरल्यात का. बहुतेक ठिकाणी नसतील. काही दुकानांच्या माळ्यावर एखादं पोतं निघतं. त्या पोत्यातली एक कॅसेट तुमच्या अलमारीतल्या सजवलेल्या चार कॅसेटींपेक्षा मोलाची. आजच्या लग्नांनाही हेच लागू. करिझ्मा अल्बम आणि ड्रोनचा व्हिडिओ घ्या, हौसेला मोल नाही. पण पैसे चुकते करण्याआधी न कापलेलं, न सजवलेलं चित्रण आपल्या हार्ड डिस्कवर मागून घ्या.

आवाजाचा मुद्दा मी वाढवून सांगतोय असं वाटेल, म्हणून आमच्याच अमरावती जिल्ह्यातलं उदाहरण देतो. गाडगेबाबा शेंडगावचे. नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत वांद्र्याला झालेलं त्यांचं कीर्तन ध्वनिमुद्रित झालं, आणि २० डिसेंबरला बाबा गेले. त्यांच्या कीर्तनांविषयी पुस्तकं पुष्कळ आहेत. पण श्रोत्यांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर वदवून घ्यायची ती रीत, तो वऱ्हाडी हेल, दोन वाक्यांमधला थांबा, हे कागदावर उतरत नाही. ते मुद्रण झालं नसतं तर आपण बाबांचे शब्द वाचले असते आणि आवाज मनाने कल्पिला असता. घरोघरच्या म्हाताऱ्यांचं आज हेच होतंय. पुण्या-बंगळुरूला वाढणारी नातवंडं ‘थो’, ‘थे’, ‘तुया’, ‘माया’ ऐकून हसतात, बोलत नाहीत. पन्नास वर्षांनी शेंदूरजनाघाटची बोली कशी होती हे कुणाला पाहायचं असेल तर शब्दकोश थोडाच उपयोगी पडेल. या लग्नांच्या आणि बारशांच्या टेपाच काढाव्या लागतील.

आता कॅसेटच्या प्रकृतीबद्दल. टेप म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर एका चिकट थराने बसवलेली चुंबकीय भुकटी. तो चिकट थर हवेतला ओलावा शोषतो आणि हळूहळू विघटित होतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, घर टिनाचं असेल तर आतलं विचारायलाच नको. त्यावर आपला इलाज म्हणजे खिडकीतला कूलर. त्याने माणसाला थंडावा मिळतो आणि त्याच खोलीतल्या अलमारीला दोन महिने दमट हवा. पुढे चार महिने पावसाळा. कॅसेटच्या खिडकीतून पाहिलं आणि रिळावर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. अशी टेप उत्साहाने व्हीसीआरमध्ये घालू नका. ती स्वतः फाटते आणि व्हीसीआरच्या हेडला लागलेली बुरशी पुढच्या चांगल्या टेपेलाही देते.

मुळात व्हीसीआरच कुठून आणायचा, हा प्रश्न आता खरा आहे. जगातली व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, तिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन बंद केलं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्र-ध्वनी अभिलेखागाराने २०१५ मध्येच जगाला इशारा दिला होता की चुंबकीय टेपांवरचं जे काही २०२५ पर्यंत संगणकात उतरणार नाही ते बहुतांशी गेलंच समजा. यंत्रं मिळणार नाहीत, सुटे भाग मिळणार नाहीत, आणि ती दुरुस्त करणारे हातही थकतील. ती मुदत गाठली गेली. याचा अर्थ सगळ्या टेपा एका रात्रीत मेल्या असा नाही. ज्या वाचतायत त्या आता काढायच्या, पुढच्या दिवाळीला नाही.

उतरवून घेताना फसायला होतं ते इथे. साधारण २००० च्या सुमारास अनेकांनी कॅसेटची ‘सीडी मारून’ घेतली आणि अडगळ नको म्हणून कॅसेट फेकून दिली. व्हिडिओ सीडीवर एक तासाचं चित्रण पाऊण जीबीहून कमी जागेत कोंबलेलं असतं. तीच टेप डीव्ही पद्धतीने संगणकात घेतली तर तासाला सुमारे १३ जीबी लागतात. तीन तासांची कॅसेट म्हणजे चाळीस जीबीच्या आसपास, एका टेराबाइटच्या डिस्कवर अशा पंचवीस. या दोन आकड्यांमधला जो फरक आहे तेवढे चेहरे त्या सीडीत चौकोनी ठिपके झालेत. वर ती सीडी स्वतःही अमर नाही. घरी किंवा दुकानात लिहिलेल्या सीडीत रंगद्रव्याचा थर असतो, उजेड आणि उष्णता त्याला मारतात. सीडी केली म्हणून कॅसेट टाकणं म्हणजे रोगट झाडाचा डोळा भरून मातृवृक्ष तोडणं. फोटोंच्या निगेटिव्हचंही तसंच. स्टुडिओतून प्रिंटसोबत जो पाकिटात गुंडाळलेला पट्टा यायचा तो मूळ होता, आणि नेमका तोच आपण ‘काळा काळा काय कामाचा’ म्हणून पोरांना सूर्यग्रहण पाहायला दिला. (ग्रहण पाहायलाही तो धोक्याचाच होता, पण ते वेगळं पुस्तक.)

मोबाईलच्या पिढीने एवढी लांब उडी मारली तरी ती नेमकी हीच चूक करते. लग्नाहून परतल्यावर घरच्या ग्रुपवर फोटो येतात, सगळे डाउनलोड होतात, आणि वाटतं की फोटो वीस जणांकडे आहे, आता कसला हरवतो? फोन बारा मेगापिक्सेलचा असेल तर मूळ फोटोत सव्वा कोटीच्या आसपास ठिपके असतात. व्हॉट्सअ‍ॅप नेहमीच्या पद्धतीने पाठवताना लांब बाजू सुमारे १६०० ठिपक्यांवर आणतं, म्हणजे उरतात एकोणीस-वीस लाख. सहातले पाच गेले. फोटो कधी काढला, ही फाइलच्या पोटात लिहिलेली तारीखही जाते. नावात उरते ती पाठवल्याची तारीख आणि ‘डब्ल्यूए’ ही दोन अक्षरं. मग त्या फोटोचा कुणी स्क्रीनशॉट काढतो, तो पुन्हा पुढे जातो. वीस जणांकडे वीस कलमा आहेत, सगळ्या एकाच रोगट डोळ्याच्या. केबल लावून किंवा डिस्कवरून डिस्कवर फाइल उतरवली तर एक ठिपकाही बदलत नाही, शंभराव्या प्रतीतही नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरूनच पाठवायचं असेल तर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा, तो जसाच्या तसा पोचतो. पुस्तिकेत हे चित्रांसह आहे. हे एवढं एकच पान सगळ्या घराने वाचलं तरी मी समाधानी आहे.

किती प्रती आणि कुठे? छायाचित्रकारांच्या जगात पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केलेला एक नियम चालतो: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी. सगळ्यात जास्त टाळाटाळ होते ती दुसऱ्या जागेची. मूळ डिस्क आणि तिची प्रत एकाच अलमारीत, एकाच कुलपात ठेवणारे पुष्कळ. त्यांना मी मोवाडची आठवण करून देतो. वरुड तालुक्याला लागून, वर्धा नदीच्या पलीकडच्या काठावरचं गाव. ३० जुलै १९९१ ला पूर आला आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. गाव पुढे दुसऱ्या जागी वसवावं लागलं. ज्या गावाने माणसं गमावली तिथे फोटोंबद्दल बोलणं हलकं वाटेल. पण गेलेल्यांचे फोटोही त्याच पुरात असतात, हे आपत्तीनंतर महिन्या-दोन महिन्यांनी ध्यानात येतं. २०११ च्या त्सुनामीनंतर जपानमधल्या यामामोतो या छोट्या गावात स्वयंसेवकांनी चिखलातून निघालेले सुमारे साडेसात लाख फोटो धुतले, वाळवले, मालकांना परत द्यायला मांडले. घर गेलेली माणसं तिथे येऊन फोटो शोधत होती.

दुसरी जागा आपल्याकडे शोधावी लागत नाही. गावात क्वचित असं घर असेल ज्याचं एक पोरगं नाहीतर पोरगी पुण्याला, नागपूरला किंवा अमरावतीला नाही. एक डिस्क तिकडे. दिवाळीला आंबिया बहाराची तोडणी चालू असते, सगळे घरी येतात. डिस्क येते, वर्षाचे फोटो तिच्यावर चढतात, आणि संत्र्याच्या पिशवीसोबत ती परत जाते. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून नेऊ नका, एवढीच विनंती. आणि ती जी प्रत आहे ती उघडून बघा. १९९८ मध्ये पिक्सारच्या ‘टॉय स्टोरी २’ च्या फाइली कुणाच्या तरी एका आज्ञेने पुसल्या जाऊ लागल्या. धावाधाव करून बॅकअप काढला तर तो कधीचाच नीट चालत नव्हता, कुणी तपासलाच नव्हता. चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन या तांत्रिक दिग्दर्शिकेच्या घरच्या संगणकामुळे. बाळ लहान म्हणून ती घरून काम करायची, आणि तिच्याकडे प्रत होती. एवढ्या मोठ्या कंपनीला शेवटी बाळंतिणीचं घर कामाला आलं.

पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड ही ने-आण करायची साधनं आहेत, साठवणीची नाहीत. वर्षानुवर्षं विजेविना पडून राहिली तर त्यांतला भार झिरपून जातो. हार्ड डिस्क चार-पाच वर्षांनी बदला, ती चालू असली तरी. चेकसमचं, म्हणजे फाइल बदलली नाही ना हे आकड्यावरून ताडून पाहण्याचं, प्रकरण पहिल्या वाचनात सोडलं तरी चालेल. लिहिणाऱ्यांचा त्यावर जीव आहे हे दिसतं, पण गावच्या माणसाने आधी दोन डिस्का घ्याव्यात, मग त्यांच्या मोजमापाकडे वळावं.

क्लाउडबद्दल पुस्तिका जरा जास्तच उत्साही आहे, असं माझं मत. गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. आता मेल, फोटो, सगळं मिळून १५ जीबी. दोन वर्षं न वापरलेली खाती गूगल पुसू शकतं, हेही धोरण २०२३ पासून आलंय. म्हणजे बाबा गेले, त्यांचा पासवर्ड कुणाला माहीत नाही, फोन नातवाने गेमसाठी साफ केला, की दोन वर्षांनी दुसऱ्यांदा सगळं जातं. क्लाउड तिसरी प्रत म्हणून उत्तम. पहिली आणि एकमेव म्हणून नाही. गूगलमध्ये आपल्यामागे खातं कुणाच्या हाती द्यायचं हे आधीच सांगून ठेवायची सोय आहे. सातबाऱ्यावर वारसाचं नाव चढवायला आपण तलाठ्याकडे चकरा मारतो, ही नोंद घरबसल्या होते.

आता जे प्रकरण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि जे पुस्तिकेत शेवटी पडलंय: नावं. एक डिस्क जाते, दुसरीवरून परत येते. फोटोतली तिसऱ्या रांगेतली डावीकडची बाई कोण, हे फक्त मोठ्या आत्याला ठाऊक असेल तर त्या माहितीची प्रत कुठेच नाही. शाळेचा ग्रुप फोटो, लग्नातला मांडवाखालचा फोटो, तेरवीतला फोटो, यांत पन्नास चेहरे असतात आणि दोन पिढ्यांनी त्यांतले चार ओळखीचे उरतात. कागदी फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका, शाई पुढे उमटते. मऊ पेन्सिल वापरा.

आपल्याकडे या कामाला एक फार चांगला दस्तऐवज आहे आणि तो आपण रद्दीत घालतो. लग्नपत्रिका. तारीख, तिथी, मुहूर्ताची वेळ, स्थळ, दोन्ही घराणी, निमंत्रकांत सगळे काका-मामा, आणि खाली ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी चिल्लीपिल्ली, टोपणनावांसकट. आहेराची वही असेल तर कोण आलं होतं याची सही-शिक्क्यासारखी यादी. कॅसेटसोबत पत्रिकेचा आणि वहीचा फोटो ठेवा. पुढच्या माणसाचं अर्धं काम तिथेच होतं.

फाइलला नाव देताना वर्ष आधी, मग महिना, मग दिवस: ‘१९९४-०५-१८ लग्न शेंदूरजनाघाट’. मग संगणक आपोआप क्रमाने लावतो. गावाचं नाव पूर्ण लिहा. आपल्याच जिल्ह्यात तिवसा तालुक्यात शेंदूरजना बाजार आहे, वाशीमच्या मानोरा तालुक्यात आणखी एक शेंदूरजना. नुसतं ‘शेंदूरजना’ लिहिलेला फोटो तीस वर्षांनी तिसऱ्याच गावाच्या नावावर जाईल. नावांच्या याद्या युनिकोडमध्ये टाइप करा. पंधरा-वीस वर्षांपूर्वी कृतिदेव किंवा श्रीलिपीत केलेल्या कुळाच्या याद्या आज उघडल्या तर पडद्यावर कचरा दिसतो. कागदावरची मोडी वाचणारा अजून सापडतो, ही नवी मोडी वाचायला फॉन्ट शोधावा लागतो.

काय ठेवू नये, यावर पुस्तिका गप्प आहे. मी थोडं बोलतो. ‘शुभ सकाळ’चे गुलाब पुसा. एकाच केकचे चाळीस फोटो असतील तर चार ठेवा. दवाखान्यातले, अंत्ययात्रेतले, भांडणातले व्हिडिओ कुणाकडे राहावेत हे घराने बसून ठरवावं, ग्रुपवर टाकून नव्हे. सुनेच्या माहेरचे फोटो तिच्या परवानगीशिवाय कुळाच्या डिस्कवर चढवू नयेत, आणि तिच्या माहेरच्यांनाही त्यांची प्रत मिळावी. मोडलेल्या लग्नाची कॅसेट फेकायची घाई करू नका. त्यात नवरा-नवरी सोडून दोनशे माणसं आहेत, त्यांतली बरीच आता नाहीत.

सुरुवात कुठून करायची असं मला कुणी विचारलं तर मी संगणकापासून करायला सांगणार नाही. घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस गाठा. जेवणं झाल्यावर, कूलर बंद करून, कारण त्याच्या घरघरीत रेकॉर्डिंगमध्ये काही ऐकू येत नाही. अल्बम त्यांच्या मांडीवर द्या, मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करून बाजूला ठेवा आणि एकेका फोटोवर बोट ठेवून विचारा, “आबाजी, हा कोन व्हय?” उत्तर आलं की थांबा, लगेच पुढचं पान उलटू नका. “हा? हा तं आपला बापूराव. थ्याच्या बुढीनं सारी जमीन…” एवढं सुरू झालं की तुमचं काम फक्त मान हलवायचं. फोन चार्जिंगला लावून ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाला वेळ देऊ नका, कारण बापूरावाच्या जमिनीचं प्रकरण एका बसण्यात मिटत नाही.